मिसळीची फ्लॉपी

देवेशचा डहाणूजवळ मसोलीत कॉम्प्युटर क्लास होता. कॉम्प्युटर एक, विद्यार्थी डझनभर. त्यामुळे बाकीचे कायम थिअरीच शिकत.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत त्याने, धाकट्या भावाने, सुदर्शनने, आणि त्यांच्या कासा गावच्या मैत्रिणीने, श्रुतिकाने, तिथे आईला समोर बसवून गप्पा रेकॉर्ड केल्या. फाइल एका फ्लॉपीत मावेना. मग तीन तुकडे केले, प्रत्येकाकडे एक. शिवाय तिन्ही तुकडे एकमेकांत कालवून चौथी फ्लॉपी बनवली. तिच्यावर देवेशने लिहिलं ‘मिसळ’. ती आईच्या डाळीच्या डब्यात. कुणा एकाचा तुकडा हरवला, तर उरलेले दोन आणि मिसळ मिळून तो पुन्हा उभा राहायचा.

“एखादा मेला तरी अडायचं नाही,” देवेश म्हणाला होता.

फेब्रुवारीत चारोटीजवळ जीप उलटली. सुदर्शन गेला. त्याच्या खिशातल्या फ्लॉपीचा चुरा झाला.

आई जेवेना. “एकदा त्याचा आवाज ऐकव.”

क्लास सुटल्यावर देवेशने तिला मशीनसमोर बसवलं. स्वतःची, श्रुतिकाकडून मागून आणलेली आणि मिसळ, अशा तिन्ही फ्लॉप्या एकेक करून घातल्या. आधी देवेशचाच विनोद आला: ‘डहाणूचे चिकू एवढे गोड, की डायबेटिसवाले एसटीची खिडकी लावून घेतात.’ शांतता. श्रुतिकाचं खिदळणं. मग सुदर्शन: ‘आई, हस ना गं, बिचाऱ्याला बरं वाटेल.’

त्या दिवशी आई दोन घास जेवली.

मग रोजचंच झालं. हार्ड डिस्क भरलेली, म्हणून ऐकून झालं की पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जुळवायचं. एकदा घाईत श्रुतिकाची फ्लॉपी घालायची राहूनच गेली. तरी फाइल उघडली. हे कुठल्याच गणितात बसत नव्हतं. उलट सुदर्शन आणखी जवळून बोलला, त्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. खिदळणं तेवढं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्रुतिका कासाहून जीपने आली. गळ्याला ओढणी. फळ्यावर तिने लिहिलं, ‘कालपासून घसा गेलाय. डॉक्टरला काही सापडत नाही.’

“बरं झालं,” देवेश म्हणाला, “आता तरी माझं ऐकून घेशील.”

तिने हसायला तोंड उघडलं. आवाज आला नाही.

ती गेल्यावर त्याने तिची फ्लॉपी घालून पाहिली. कोरी होती.

“आई, आता हे बंद करू.”

“काल श्वास ऐकू आला रे त्याचा.”

“आई, श्रुतिकाचा आवाज गेलाय.”

“पोरगी गुणाचीच आहे,” आई म्हणाली. मिसळीची फ्लॉपी तिने पदराने पुसली आणि मशीनमध्ये सरकवली.

देवेशची फ्लॉपी त्याच्या हातातच होती.

“ती राहू दे,” आई म्हणाली. “घालू नकोस.”

कुणीही बटण दाबलं नाही. फाइल उघडली.

‘डहाणूचे चिकू एवढे गोड,’ सुदर्शन म्हणाला, ‘की डायबेटिसवाले एसटीची खिडकी लावून घेतात.’

आई खळखळून हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

देवेशने तोंड उघडलं. मिटलं. मग खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, ‘तो विनोद माझा होता.’

आईची फळ्याकडे पाठ होती.