न पेटलेली पाटी

निऑनच्या पाट्या बनवणारा थोरला भाऊ सकाळी कारखान्यात मेलेला सापडला. डोकं नळीतली हवा काढणाऱ्या पंपाच्या लोखंडी पायावर आपटलं होतं. टेबलावर काचेची नळी वाकवून केलेलं नव्या पाटीचं अक्षर. पारदर्शक, विझलेलं. डॉक्टर पाहून गेले, पण मृत्यूची वेळ त्यांना नक्की सांगता येईना.

तपासाला आलेल्या इन्स्पेक्टर बाई स्टुलावर टेकल्या. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पूर्वी त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या; तेव्हा निदान झोप तरी मिळायची.

दादाच्या हाताखाली हेच काम शिकलेला धाकटा भाऊ सुजल्या डोळ्यांनी समोर उभा होता.

“दादाला शेवटचं कधी पाहिलंस?”

“काल दिवेलागणीला, रस्त्यावरून जाताना. ही पाटी पेटवून बघत होता. खिडकीतून हात केला त्याने.”

“मग?”

“सासुरवाडीला गेलो. सगळे साक्षीला आहेत, बाई.”

“आणि दुपारी?”

“घरी. एकटाच.”

“पाटीचा उजेड कसा होता?”

“लालभडक. दादाचं तोंडसुद्धा लाल दिसत होतं.”

बाई कण्हतच उठल्या. कोपऱ्यातल्या निऑन वायूच्या बाटलीचं सील शाबूत होतं. शेजारची आरगॉनची बाटली मात्र उघडलेली. त्यांनी पाटीच्या गिऱ्हाइकाला फोन लावला, दोन वाक्यं बोलल्या आणि हवालदाराला म्हणाल्या, “दाबा बटण.”

अक्षर निळं पेटलं.

“नळीतून वीज गेली की अणूतले इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतात,” बाई सावकाश म्हणाल्या. “खाली उतरताना प्रकाश देतात. ज्या त्या अणूच्या पायऱ्या ठरलेल्या, म्हणून रंगही ठरलेला. निऑन लाल. यात आरगॉन आणि पाऱ्याचा थेंब आहे. ही नळी जन्मात लाल होणार नाही. गिऱ्हाइकाने आधी लाल सांगितली होती. काल सकाळी त्याने निळी मागितली, ते फक्त तुझ्या दादाला ठाऊक होतं. तू पाटी पेटलेली पाहिलीच नाहीस. संध्याकाळी तो जिवंत होता असं आम्हाला वाटावं, म्हणून रंग अंदाजाने ठोकलास. संध्याकाळनंतरचे साक्षीदार तुझ्याकडे आहेत, दुपारचा एकही नाही. तू इथे दुपारी आला होतास.”

धाकट्याने टेबलावरच्या निळ्या अक्षराकडे पाहिलं.

“मी वाकवलेलं अक्षर आवडलं नाही की दादा आपटून फोडायचा. इतकी वर्षं. काल पुन्हा फोडलं. मी धक्का दिला, बस्स. तो पडला आणि मी पळालो.”

“तुझा दादा लगेच गेला नाही,” बाई म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात, बराच वेळ श्वास चालू होता.”

धाकट्याने झटकन मान वर केली. एवढं त्याला माहीत नव्हतं.

हे आत्ताच सांगायला हवं होतं का, बाईंना स्वतःलाच कळेना.