कोपऱ्याच्या खोलीत कोण बसलंय

दुपारची भांडी आवरून झाली, चहाचा कप भरला, आणि ती पाय वर घेऊन खुर्चीत बसली. समोर कॉम्प्युटर, बाजूला खिडकी. बाहेर धुकं इतकं दाट उतरलं होतं की अंगणातलं फाटकसुद्धा दिसत नव्हतं. तिला असलं धुकं आवडायचं. घटकाभर जगाने आपल्याला विसरून जावं असं तिला अधूनमधून वाटे, आणि धुक्यात ते आयतंच साधत असे.

काम तसं किरकोळ होतं. टेकडीवरचं छातीच्या रोग्यांचं जुनं रुग्णालय बंद झालं होतं. रोगी गेले, डॉक्टर गेले, खाटाही गेल्या. मागे राहिले ते खोल्याखोल्यांतले कॉम्प्युटर, कुणी बंद न करताच सोडून दिलेले. त्यांची देखभाल कित्येक वर्षं हिच्याकडे होती, आणि तीही घरबसल्या. ती एक स्क्रिप्ट लिहायची, म्हणजे करायच्या कामांच्या आज्ञा ओळीने लिहून ठेवायची. मग ती स्क्रिप्ट तारेवरून टेकडी चढायची आणि एकेका यंत्राकडून सांगितलेलं करून घ्यायची. हिला पायात चपला सरकवायचेही कष्ट नव्हते. दादा म्हणायचा, "तुझं बरंय, ठमे. तू इथे जांभई देतेस आणि तिकडे यंत्रं झोपतात."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, वायरमन. आईवडील लवकर गेले; यानेच हिला वाढवलं, शिकवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं विसरून गेला. दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. आज तो त्या रिकाम्या इमारतीच्या तळघरात उभा होता. हिने सगळी यंत्रं नीट बंद करून फोनवर सांगायचं, मग त्याने मुख्य वीज तोडायची आणि उजेड आहे तोवर घरी यायचं, एवढाच बेत. जायला तो नाखूश होता. ती जागा आपल्याकडे बघत असते, असं काहीतरी पुटपुटला होता. हिने ते हसण्यावारी नेलं होतं, आणि आता धुकं बघून तिच्या मनाला रुखरुख लागली होती.

"दादा, सुरू करते रे," ती टेबलावरच्या फोनला म्हणाली.

"कर. गारठा आहे इथे."

यंत्रं बंद करायची तिची एक रीत होती. कुणा डॉक्टरचं अर्धवट लिखाण एकदा मध्येच पुसलं गेलं, तेव्हापासून तिची स्क्रिप्ट आधी अदबीने विचारायची, समोर कुणी बसलंय का? नसेल तर यंत्र बंद. असेल तर पडद्यावर निरोप द्यायची की काम आटपा, आणि माणसाच्या उत्तराची वाट बघत थांबायची.

स्क्रिप्ट निघाली. यंत्र ज्या खोलीत असेल तिचंच नाव त्याला दिलेलं होतं. औषधांची खोली बंद झाली. तपासणीची खोली बंद झाली. बायकांचा वॉर्ड, मग पुरुषांचा, मग लांबलचक व्हरांड्याच्या टोकाची परिचारिकांची खोली. एकेक ओळ पडद्यावर यायची आणि वर सरकायची. तिला वाटलं, आपणच त्या व्हरांड्यातून अनवाणी चाललोय आणि एकेक दार हलकेच लोटून घेतोय. पापण्या जड झाल्या. फिनेलचा वास आल्यासारखा वाटला.

आता कोपऱ्याच्या खोलीची पाळी. आणि तिथे स्क्रिप्ट थांबली.

पडद्यावर आलं, कुणीतरी बसलंय. निरोप गेला. थोड्या वेळाने खाली उत्तर उमटलं, 'जरा थांबा.'

"दादा... वर कुणी आहे का?"

"मीच काय तो. का?"

"कोपऱ्याच्या खोलीत कुणी बसलंय म्हणतंय."

दादा म्हणाला, "बघून येतो."

"नको, अरे..."

पण जिन्यावर पावलं वाजू लागली होती. तिने घाईघाईने स्क्रिप्ट उघडली, आणि चूक दिसली. छत गळायला लागलं तेव्हा त्या खोलीतला कॉम्प्युटर कधीच काढून नेला होता. हिने स्क्रिप्टमधून त्याचं नाव पुसलं, पण नावाची जागा तशीच रिकामी ठेवली. नाव नसलं की आज्ञेला जायला ठिकाण उरत नाही. मग ती आज्ञा घराबाहेर पडतच नाही, आपल्याच यंत्रावर चालते. म्हणजे समोर कोण बसलंय, हे स्क्रिप्टने हिच्याच कॉम्प्युटरला विचारलं होतं. तिच्या जिवात जीव आला. तिला हसूच आवरेना.

"दादा, फीर माघारी. माझाच वेंधळेपणा. बसलेली मीच आहे."

दादा हसला नाही.

"हो," तो हळूच म्हणाला. "दिसतेस ना."

"काय?"

"पाठ आहे माझ्याकडे. पाय वर घेऊन बसलीस... खोलीत दुसरं काहीच नाही, ठमे. खुर्ची आणि तू."

'जरा थांबा' हे आपण लिहिलेलं नाही, हे आत्ता तिच्या लक्षात आलं. पुष्कळ यंत्रांच्या गर्दीत माणूस वाट चुकला की तिच्या धंद्यात एकच उपाय करतात, समोरच्या यंत्रालाच त्याचं नाव विचारतात. तिने विचारलं. उत्तर आलं, 'कोपऱ्याची खोली'.

तिने मान वळवून पाहिलं. भिंत आपलीच होती. कपही आपलाच. फक्त फिनेलचा वास आता सगळीकडे होता.

"दादा, तिच्याशी बोलू नकोस. वीजबीज काही तोडू नकोस. नुसता घरी ये..."

"उठली ती," दादाचा आवाज फार लांबून आला. "रडतेयस का गं?"

आणि फोन बंद पडला.

पुन्हा लावला तर लागेना. ती खिडकीशी उभी राहिली, येरझारा घातल्या, पुन्हा उभी राहिली. तो तेवढा परत येऊ दे, बाकी काही नको, असं ती कुणाला तरी विनवत होती. उजेड विझत आला तेव्हा फाटक वाजलं. धुक्यातून दादा आला, धडधाकट, केस भिजलेले. तिने धावत जाऊन दार उघडलं आणि त्याचा हात धरायला गेली.

तो एक पाऊल मागे सरला. उंबरा ओलांडलाच नाही.

"माझी बहीण वर आहे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, परक्याशी बोलतात तसा अदबीचा होता. "घरी चल म्हटलं तर रडायला लागली. म्हणाली, घरात कुणीतरी बसलंय, ते उठल्याशिवाय मला येता येणार नाही."

"दादा, अरे मी आहे ना. ही काय इथे..."

"तीही हेच म्हणाली." तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "लहानपणी तिला ताप चढला की मी रात्रभर उशाशी बसायचो. एक गोष्ट सांगायचो, रोज तीच. तिने मला ती अख्खी सांगितली. तुम्हीही सांगा."

तिने तोंड उघडलं. आईवडील लवकर गेले, दादाने वाढवलं, शिकवलं, हे सगळं तिला ठाऊक होतं, ओळीने ठाऊक होतं. पण त्यातला एकही दिवस तिला आठवेना. ताप आठवेना, उशी आठवेना. आज दुपारी भांडी आवरून खुर्चीत बसण्याआधीचं काहीच आठवेना.

दादा दाराबाहेर शांतपणे उभा होता. त्याला कसलीच घाई नव्हती.