मेहुण्याचा दोर

टोकावड्यावरच्या कड्याला आग्या माश्यांचं मोठं पोळं लोंबत होतं. ते उतरवायला आम्ही तिघं निघालो: नवरा नवसू, माझा थोरला भाऊ भगीरथ आणि मी. सात महिन्यांची मनस्वी आईपाशी ठेवली होती.

आमच्यात दोर मेहुण्यानेच धरायचा असतो. बहिणीच्या कुंकवासाठी तो हात सोडणार नाही, म्हणून. दादाने ऐनाच्या खोडाला वेढा दिला. नवसू डबा, कोयता आणि धुमसता पाला घेऊन खाली उतरला. मी मागे जाळ सांभाळत होते.

"हळू सोड, मेवण्या," नवसू खालून म्हणाला.

"गप उतर. माझ्या बहिणीच्या भाकऱ्यांनी जड झालायस."

तेवढ्यात एक माशी दादाच्या मानेला डसली. आणि इतकी वर्षं दोर धरणाऱ्या दादाने ती चापटीने चिरडली.

चिरडल्या माशीचा पिकल्या केळ्यासारखा वास सुटला. पोळं थरथरलं, फुटलं, वर उसळलं! मान, ओठ, पापण्या! दादा गुडघ्यांवर आला. डोळे सुजून मिटले. दोर मात्र मुठीत.

एक माशी माझ्या मनगटावर बसली. डसली नाही. डोक्यावरच्या दोन मिशा हवेत चाचपडल्या, दादाच्या मानेकडे वळल्या, आणि ती थेट तिकडेच झेपावली. मिशांनी वास घेत होती ती! जितके काटे दादाच्या अंगात, तितका वास, तितक्या माश्या.

"दादा, दोर दे. धुरात पळ. त्या तुझ्या मागं येतील."

"नाय. बायकोच्या हातात दोर देत नाय आपल्यात."

"मग दोघंबी मरा."

त्याची बोटं सुटत होती. मी मुळाला पाय रोवला, दोर कमरेला घेतला, खांद्याने त्याला ढकललं. दादा धडपडत धुरात शिरला. सगळा काळा ढग त्याच्या मागे!

तळहात सोलले. "अवो, डबा टाका. वर या."

"अर्धं पोळं कापलंय गो."

"मनस्वीला बाप पायजे. मध नको."

डबा दरीत आपटत गेला. नवसू खडकाला पाय लावत चढला. मी वीत वीत दोर आवळत गेले. वर आल्यावर त्याने माझे हात पाहिले.

दादाच्या अंगातले काटे आम्ही नखांनी खरवडले आणि जीपमध्ये घालून त्याला दवाखान्यात नेलं. सलाइन लागल्यावर सुजल्या ओठांतून तो म्हणाला, "पुढल्या साली मी जाळ बघतो."

घरी मनस्वीने माझ्या धुरकटलेल्या पदराला नाक लावलं आणि तोंड फिरवून रडू लागली. मी अंग घासून धुतलं, लुगडं बदललं, परत मांडीवर घेतली. मग झोपेतच, डोळे न उघडता, तिने मला हुंगून शोधलं.