डाव्या बाजूचं मागचं दार

मोटारीचं दार तीनच ठिकाणी दुखतं: बिजागरीत, खटक्यात, नाहीतर कडेच्या रबरात. तिसगावच्या बाजारतळाजवळ मी वीस वर्षं गॅरेज चालवलं, चौथं ठिकाण मला कधी सापडलं नव्हतं. लोक उगाच दारावर राग काढतात. आदळतात, लाथा घालतात आणि मग माझ्याकडे येऊन म्हणतात, "दानीएल मिस्त्री, ह्ये दार लागतच न्हाई."

त्र्याहत्तर सालच्या वैशाखात सहादेव त्याची काळी टॅक्सी घेऊन आला. दुष्काळाने सगळ्यांचीच तोंडं वाळली होती, पण सहादेवचं जरा जास्तच. एरवी हा बडबड्या माणूस. शेवगाव-पाथर्डी रस्त्यावर दिवसभर गाडी चालवायचा आणि येता-जाता माझी टिंगल केल्याशिवाय पुढे जायचा नाही. दोन महिन्यांपूर्वी त्याची सहा वर्षांची मुक्ता ऊन लागून गेली, तेव्हापासून त्याचं बोलणं आटलं होतं. मातीला मी गेलो होतो. म्हणून काही न विचारता सरळ त्या दोरीने बांधलेल्या मागच्या दाराशी बसलो.

"दोरीनं बांधून चालवतोय," तो म्हणाला. "पाशिंजर बसायला भ्येत्यात."

दार उघडून मी दोन्ही हातांनी वर उचलून पाहिलं. बिजागरी घट्ट होती. खटका रॉकेलने धुतला, ग्रीस भरलं, पान्याच्या टोकाने दाबून पाहिला, तर टकदिशी बसला. चौकटीवरच्या पट्टीचे स्क्रू ढिले करून ती केसभर बाहेर सरकवली, मग आणखी केसभर. दार काही लागेना. लोखंडाला लोखंड अडलं की हाताला झटका बसतो. इथे झटका नव्हता. शेवटच्या बोटभर जागेत काहीतरी मऊ आड येत होतं, आणि दार दबून हळूच परत येत होतं.

मग मी खडू घेतला. ही माझी जुनी रीत. रबराला सगळीकडे खडू फासायचा, दार रेटून धरायचं आणि उघडून चौकट बघायची. रबर टेकलं असेल तिथे पांढरी रेघ उमटते, नसेल तिथे रंग तसाच राहतो. मी चांगला खांदा लावून दार रेटलं.

रेघ सलग उमटली होती. फक्त माझ्या कमरेच्या जरा खाली ती चार ठिकाणी तुटली होती. शेजारीशेजारी चार काळे ठिपके.

चौकट चाचपली, गुळगुळीत होती. रबरच त्या जागी बसलं असेल म्हणून ते काढून नवं लावलं. पुन्हा खडू, पुन्हा रेटलं. पुन्हा तेच चार ठिपके, तिथेच. एकावर मी माझं बोट ठेवून पाहिलं. ठिपका बोटाखाली पुरता झाकला गेला.

मागे सहादेव जमिनीवर बसला होता. तो म्हणाला, "तुमी खांदा लावला तवा... तिला लागलं आसंल का वो?"

मी वळून पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता.

"मढीच्या यात्रंची ट्रिप हुती," तो म्हणाला. "नऊ मान्सं कोंबल्याली. मुक्ती ह्येच दार धरून रडाया लागली, मला बी न्या म्हून. म्या बोटं सोडवली तिची. येक येक करून सोडवली, मिस्त्री. दार लावून घेतलं. आरशात दिसत हुती पळताना. म्हनलं, दमंल आन जाईल माघारी."

ती माघारी गेली नाही. दोन मैलांवर, बाभळीखाली सापडली, हे सगळ्या तिसगावला ठाऊक होतं. ती कशाच्या मागे पळत तिथवर गेली, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि याने कुणाला सांगितलं नव्हतं. घरी बायकोला, गोजरबाईलासुद्धा नाही.

मी ख्रिस्ती, रविवारी न चुकता देवळात जाणारा माणूस. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. पण वीस वर्षं दारं दुरुस्त केली होती. आत येण्यासाठी कुणी दार धरून उभं असेल, तर ते रेटून काय उपयोग?

"सहादेव, उघड ते," मी म्हणालो. "सगळं उघड. आन बोलाव तिला."

तो उठला. त्याने दार पूर्ण उघडलं. भर दुपार होती, बाजारतळावर चिटपाखरू नव्हतं.

"ये मुक्ते," तो म्हणाला. "बस बाळा."

मागची सीट थोडीशी दबली. आतली स्प्रिंग एकदाच करकरली.

सहादेवने एका बोटाने दार ढकललं. टकदिशी लागलं.

तो हमसून रडला आणि रडतारडताच हसला. गाडी गेल्यावर मीही डोळे पुसले. खरं सांगतो, इतकं चांगलं काम आपल्या हातून कधी झालं नाही, असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी गोजरबाई उन्हातान्हात चालत गॅरेजवर आली.

"मिस्त्री, ते गाडीतनं उतरंनात," ती म्हणाली. "चार दिस झालं. भाकर काचंतनं देते. आत बसू का म्हनलं, तर नगं म्हनत्यात."

मी हत्यारं घेऊन तिच्याबरोबर निघालो. वस्तीसमोर लिंबाखाली गाडी उभी होती. सहादेव स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. मी त्याच्या दाराची मूठ दाबली. खटका सुटल्याचं हाताला कळलं. दार उघडलं नाही.

जोर लावला. बोटभर आलं आणि हळूच आत ओढलं गेलं.

"उतर बाबा," मी म्हणालो. "बायको रडतीया तुझी."

"उतरतो म्हनलं का मागं ही बी रडती." त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "येकदा सोडवली, मिस्त्री. आता न्हाई हुयाचं माझ्यानं."

मी अर्धवट उघड्या काचेतून मागे डोकावलो. मागची सीट रिकामी होती.

सहादेवच्या सदऱ्याची कॉलर तेवढी सीटच्या पाठीवरून मागे ताणली गेली होती. वरची गुंडी त्याच्या गळ्यात रुतली होती, आणि मागे कापडाला एका लहान मुठीएवढ्या चुण्या पडल्या होत्या.