नातं सांगणारं यंत्र

जळगावात मे महिन्याच्या दुपारी कोणी कोणाच्या दारात जात नाही. कूलरमध्ये चार बादल्या पाणी ओतून माणसं गप पडून राहतात. प्रज्ञा मात्र याच वेळेला कामाला बसायची. रस्ता सुना, फोन मुका. डोकं चालवायला याहून बरी वेळ कोणती?

काम फुकटचं होतं. जगभरात काही हौशी माणसं घरात एक लहानसं यंत्र सतत चालू ठेवतात, त्याला रिले म्हणतात. कोणाला नाव-गाव कळू न देता इंटरनेटवर काही लिहायचं-वाचायचं असलं, की ते अशा तीन अनोळखी रिलेंमधून फिरून पुढे जातं. प्रज्ञाचा एक रिले तिच्या टेबलाखाली होता. दुसरा रावेरला, धाकट्या भावाच्या, धम्मपालच्या केळी पॅकिंगच्या ऑफिसात. आपला रिले चालू की बंद, हे पाहायची एक वेबसाइट होती. ती पार जुनाट झाली होती, आणि सुधारायचं काम प्रज्ञाने हौसेने अंगावर घेतलं होतं.

त्यात एक भाग नात्यांचा होता. एकाच घरचे दोन रिले असतील तर दोघांनीही एकमेकांना 'हा माझा' म्हणायचं, म्हणजे एकाच घरातून कोणाचं बोलणं दोनदा जात नाही. एकट्याने म्हणून भागत नाही. अशी एकतर्फी नाती जुन्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पडून असत. प्रज्ञाने ती वर आणून पिवळ्या पट्टीत टाकली : 'हा तुमच्याशी नातं सांगतो. तुम्ही अजून सांगितलेलं नाही.' पट्टी डोळ्यांत खुपली की लोक मुकाट्याने नातं पूर्ण करतील, असा तिचा बेत.

तपासायला म्हणून तिने स्वतःचाच रिले शोधला, तर पिवळी पट्टी आली.

नाव नसलेला एक तिसरा रिले तिच्याशी आणि धम्मपालशी, दोघांशीही नातं सांगत होता. तिने त्याचा इंटरनेटवरचा पत्ता पाहिला. तिच्याच घरचा होता.

तिने रावेरला फोन लावला. "धम्मा, दिवाळीत आलास तेव्हा इथे आणखी एक यंत्र लावून गेलास का?"

"मी कशाला लावू?" धम्मपाल म्हणाला. "ताई, मी पण आत्ताच पाहिलं. मला तर तो रावेरचा दिसतोय... माझ्याच ऑफिसचा. मला वाटलं तू लावला. न सांगता करायची खोड तुझीच ना."

भुताखेतांना या घरात कधी थारा नव्हता. पण भूत नाही म्हटलं की माणूसच उरतो, आणि दोन्ही रिलेंच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, फक्त या दोघांकडे होत्या. वडील गेल्यापासून प्रज्ञाला आधार हा एकच भाऊ, त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा असा. आता तो खोटं बोलतोय असं तिला वाटू लागलं, आणि वाटल्याची लाजही वाटली. संशयाला औषध नसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

तिने टेबल सरकवलं, माळा पाहिला, फ्रिजमागे हात घातला. एकच वायर, एकच यंत्र. मग सरळ मेन स्विच खाली ओढला. कूलर थांबला. पंखा फिरत फिरत मंदावला. ओल्या वाळ्याचा वास खोलीत जड झाला, आणि त्या शांततेत ती मोबाइलवर पान पाहत बसली.

"काय जयं? लाइट गई का?" आई, द्रौपदाबाई, आतल्या खोलीतून घाम पुसत आली. तिचं माहेर सोनगीरचं. चाळीस वर्षं जळगावात काढली, पण तोंडातली माहेरची बोली सुटली नव्हती. प्रज्ञाने सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तो तुना भाऊ शे, चोर नही. भांडू नको."

तासाभराने पानावर प्रज्ञाचा रिले 'बंद' झाला. बिननावाचा 'चालू' होता.

ती काही कमी हट्टी नव्हती. धम्मपालला तिने कळवलं, खरं सांगेपर्यंत फोन करू नकोस. तीन दिवस त्याने केला नाही. चौथ्या दुपारी तिने त्याच्या रिलेचं पान उघडलं. पिवळी पट्टी नाहीशी झाली होती. शेवटी तिनेच फोन लावला.

"मीही सांगितलं त्याच्याशी नातं," धम्मपाल म्हणाला. "ती पट्टी बघवेना. आणि कोणी नातं सांगत दारात आलं तर आपण पाणी तरी विचारतो ना, ताई?"

"काढून टाक ते. आत्ता... माझ्यासमोर काढ."

"काढतो ना. रागावू नको." मागे ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. "एक मिनिट... कोणीतरी आलंय."

फोन कट झाला. प्रज्ञाने पान पुन्हा उघडलं. धम्मपालच्या नात्यात आता एकच रिले होता, तो बिननावाचा. तिचा तिथे नव्हता.

तिने परत नंबर फिरवला.

"हॅलो... कोण?"

"अरे, मी. प्रज्ञा."

"कोण प्रज्ञा?" आवाज धम्मपालचाच होता, पण परक्या माणसाशी बोलावं तसा. "अहो बाई, चेष्टा कशाला करता? ताई समोर बसलीय माझ्या. आईला घेऊन आलीय."

जळगावहून रावेर दीड तासाचं. आई आत झोपली होती. दहा मिनिटांपूर्वी प्रज्ञानेच तिला तांब्या भरून दिला होता. तेवढ्यात फोनमध्ये, धम्मपालच्या पलीकडून, कोणी विचारलं,

"कोन शे, धम्मा?"

तो आवाज ओळखायला प्रज्ञाला क्षणही लागला नाही. जन्मल्यापासून ऐकलेला आवाज होता तो. फोन ठेवला गेला.

आतल्या खोलीत खाट करकरली. पडदा सरकला. आई दारात येऊन उभी राहिली, पदर नीट केला, आणि आयुष्यात कधी न बोललेल्या स्वच्छ, छापील मराठीत म्हणाली,

"कोणाचा फोन होता?"