एक डाग राहू दे

मार्चात पाऊस? मी पुस्तकातून मान वर काढली आणि बघतच राहिले. बाहेर रखरखीत ऊन, आणि माझ्या खिडकीवर मात्र पाण्याच्या धारा! काय प्रकार आहे बघावं म्हणून खिडकी उघडली, तर एक भला मोठा ब्रश थेट माझ्या तोंडावर. कपाळ, पापण्या, ओढणी... सगळं चिंब.

"कोण आहे बे तिकडे?"

खाली अंगणात एक पोरगा, दोन मजले उंच दांडा हातात धरून, डोळे मिचकावत वर बघत होता.

"सॉरी मॅडम! आपण खिडकी उघडाल असं वाटलं नव्हतं."

"आपण? पुण्याचे का हो तुमी?"

"नाही हो..." तो लाजला. "मेहकरचाच आहो."

आणि हसला. पापण्यांवरच्या थेंबांतून ते हसू मला जरा जास्तच मोठं दिसलं... जाऊ द्या. तिथंच माझं काहीतरी बिनसलं, एवढं खरं.

बुलढाण्यातल्या वामनरावांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. ती मी सांभाळते. रोज मोताळ्याहून बसने घाट चढून यायचं, कुलूप काढायचं आणि पोरांना गप्प बसवायचं. गप्प बसवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. इमारतीला वामनरावांनी हौसेनं काचाच काचा लावल्या, पण आमचं बोअरचं पाणी खारं. काच धुतली की वाळून पांढरे डाग. शेवटी त्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून हे यंत्र मागवलं. पाणी फिल्टरमधून दांड्यात चढतं आणि वर ब्रशमधून काचेवर पडतं. यंत्रासोबत आला संघपाल. कोणाला तरी शिकवायचं आणि परत जायचं, असं त्याचं काम.

"कोण शिकते?" वामनरावांनी विचारलं. त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर!

"आधी वरची चौकट धुवायची," संघपाल शिकवू लागला, "नाहीतर तिची घाण मागून काचेवर उतरते. मग काच घासायची. मग वरून खाली नुसतं पाणी सोडायचं. आणि मग—"

"मंग पुसायचं."

"नाही! मग काहीच नाही करायचं."

"अवो माय! ओली काच तशीच सोडायची?"

"तशीच. या पाण्यात क्षार नाहीत. ते आपलं आपण वाळते, मागे काही ठेवत नाही."

ओलं दिसलं की पुसायचं, हे माझ्या आईनं, कलाबाईनं, मला लहानपणापासून लावलेलं वळण. पहिल्याच दिवशी त्याची नजर चुकवून मी वर पळाले आणि खिडकीतून हात काढून ओढणीनं काच पुसून टाकली. सगळे फराटे! तो पोट धरून हसला.

"अवो, पाण्यावर भरोसा ठेवा न जरा!"

दांडा हलायचा, झुलायचा. तो मागे उभा राहून माझ्या हातांच्या थोडं वर दांडा धरायचा. हात हाताला लागत नव्हता... पण तेवढ्या रिकाम्या जागेनंच माझा जीव जायचा. दुपारी भाकरी, ठेचा वाटून खायचो. 'आपण'चं 'तुमी' झालं, 'तुमी'चं 'तू' झालं. त्याचं पुणं कधी गळून पडलं, त्यालाही कळलं नाही.

आणि एका संध्याकाळी सगळी काच वाळली. एक डाग नाही! काचेत आख्खं आभाळ उतरलेलं. मी टाळ्या वाजवल्या... आणि मग लक्षात आलं. मला जमलं म्हणजे हा जाणार.

दुसऱ्या सकाळी मी लवकर आले आणि फिल्टर बाजूला ठेवून नळी सरळ बोअरच्या नळाला जोडली. काच वाळली, डाग उमटले.

"अजून जमत नाही वाटते," संघपाल म्हणाला.

"नाही न," मी भोळा चेहरा केला.

असं बरेच दिवस चाललं. मग वामनराव तापले. "पोरीच्यानं होत नसीन तं वॉचमन निवृत्तीले शिकव. उद्या शेवटचं पाहतो!"

ते मात्र लागलं. मला येत होतं हो! मनात आणलं तर चुटकीसरशी! त्या रात्री ठरवलं... जायचा असेल तर जाऊ दे, पण या महामायाला जमलं नाही, असं सांगून नको जायला.

सकाळी फिल्टर जोडला. चौकट धुतली, काच घासली, पाणी सोडलं. डोळे भरून आले, तरी कशालाच हात लावला नाही. काच आपोआप वाळली. लख्ख.

"शाबास पोरी!" म्हणत वामनराव गेले, आणि मी वर माझ्या खिडकीशी जाऊन बसले. मागून संघपाल आला.

"महामाया, एक डाग राह्यला."

"कुठी? शक्यच नाही!"

त्यानं उघड्या खिडकीकडे बोट केलं. काचेच्या कोपऱ्यात, बाहेरून, बोटाएवढा एक थेंब उन्हात पांढरा होत होता.

"हा तू केला!"

"हाव. बोअरचं पाणी. अन् बाकीचे सगळे तू केलते. पाण्यातले क्षार मोजाचं मीटर माह्या खिशातच रायते. पहिल्याच दिवशी समजलं."

माझे कान लाल झाले. "मंग बोलला काऊन नाही? एवढे दिवस मले येडी बनवलं?"

"तू मले बनवत होती," तो हळूच म्हणाला, "मी बनत होतो."

मी परत त्या डागाकडे बघितलं.

"कंपनीले सांगतलं मी... इकडचं काम मीच पाहतो म्हणून. ते हो म्हणले. आता फक्त... तू हो म्हण."

माझा हात सवयीनं ओढणीकडे गेला. डागापर्यंत पोचला... आणि थांबला.

"पुसत नाही?"

"राहू दे," मी म्हटलं. "अन् संध्याकाळी माह्यासंग बसमधी चाल. आईले जयभीम कर."

तो डाग अजून तिथंच आहे. बाकी काचा मीच धुते, आरशासारख्या. नवीन पोरं विचारतात, "ताई, सगळी काच चमकते, अन् हा एकच डाग काऊन ठेवला?"

मी म्हणते, "गप्प बसा अन् अभ्यास करा."