स्वच्छ खातं

शेवटच्या सत्रात संगणकाच्या मॅडमनी आम्हा होऊ घातलेल्या शिक्षकांना एक काम दिलं. जोड्या करायच्या आणि एखादा संशयी पालक मुलाच्या बाईंना जसा इंटरनेटवर शोधेल, तसं आपल्या जोडीदाराला शोधायचं. वर्गात शोभणार नाही असं जे सापडेल, ते ज्याचं त्यानं काढून टाकायचं.

"पालक तुम्हाला शोधणारच," मॅडम म्हणाल्या. "सराव शाळेत कायमची जागा एकच आहे, आणि मुख्याध्यापक मुलाखतीआधी खातं बघतात."

ती जागा मला हवीच होती. वडील गेल्यापासून घर आईच्या शिवणयंत्रावर चालत होतं, आणि आईला आता सुईत दोरा ओवताना शेजारणीला हाक मारावी लागत होती.

माझ्या जोडीला आली पाटी. हे तिचं खरं नाव नव्हे. वसतिगृहात आम्ही तिला कोरी पाटी म्हणायचो. बघितला की विसरला जाईल असा चेहरा, आणि बोलणं तर जपून वापरल्यासारखं. तिला शोधलं तर काहीच सापडेना. एक फोटो नाही, कुणाच्या वाढदिवसाला शुभेच्छा नाहीत.

"माझ्याकडे टाकण्यासारखं काही नसतंच गं," ती म्हणाली.

माझं मात्र दुकान मांडलेलं. मावसबहिणीच्या लग्नात दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत केलेला नाच. सायकलवरून पडून हनुवटीला टाके पडले तो फोटो, त्याखाली मी लिहिलेलं सगळं रामायण. छतावरचा पंखा हादरेल असं हसतानाचा व्हिडिओ. पाटी एकेक गोष्ट सावकाश बघत होती. कापडाच्या दुकानात पोत बघतात तशी तिची बोटं स्क्रीनवरून फिरत होती.

"हे काढ," ती म्हणायची. "पालक काय म्हणतील?"

मी काढत गेले. शेवटी मी फळ्यावर तारीख घालायला उठले, तेव्हा ती मागून म्हणाली, "तुझं अक्षर काय सुरेख आहे गं! ते कुठे टाकलेलं दिसलं नाही."

"अक्षराचा कोण फोटो टाकतं?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो.

पुढच्याच आठवड्यात पाचवीच्या वर्गावर तिचा सराव पाठ होता. मी शेरे लिहायला मागच्या बाकावर बसले होते. विषय घर्षणाचा. पाटी दोन वाक्यं पुटपुटली आणि अचानक खुलली. उतारावर सायकल कशी सुटली, ब्रेक कसा लागेना, कुंपणावर ती कशी आदळली, सगळं साभिनय. मुलं बाकावर लोळायची तेवढी बाकी राहिली. मग तिनं हनुवटी वर केली. तिथे तिरका, पांढरट व्रण होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुट्टीत मी तिला जिन्यात गाठलं.

"ती गोष्ट माझी आहे."

"कुठली? सायकलची?" ती खरोखरच गोंधळली. "ही खूण लहानपणापासून आहे गं मला."

माझी खूण दाखवायला मी हनुवटीवर बोट ठेवलं. कातडी गुळगुळीत होती. व्रण काळानं पुसट होतात, विज्ञानाची पदवी आहे माझी, एवढं मला कळतं. तरी बेसिनवरच्या आरशासमोर मी बराच वेळ उभी होते.

मग हसणं गेलं. म्हणजे शिक्षकांच्या खोलीतून माझं हसू ऐकू यायचं, आणि मी तर व्हरांड्यात उभी असायचे. मी हसायला गेले की नुसता श्वास बाहेर पडायचा. शाळा सुटली की मुली तिच्या हाताला लोंबकळायच्या. मला मत्सर वाटत होता, सरळ सांगते. आयत्या बिळावर नागोबा, आणि लोक नागोबाच्याच प्रेमात! मी केरात टाकलेलं नेसून ती मिरवत होती आणि ते तिला माझ्यापेक्षा शोभत होतं, हे जास्त जळत होतं.

तिच्या नव्या खात्यावर लग्नातला तो फोटो आला. मावसबहिणीशेजारी पाटी, दोन बोटं तोंडात. फोटोत जोडाजोडी करता येते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी तो बहिणीला पाठवला.

"अगं, हिनंच तर लग्नात धमाल केली," तिचं उत्तर आलं. "तू आली होतीस का?"

त्या रविवारी आईला फोन केला. यंत्राची खडखड थांबवून ती म्हणाली, "तुझी मैत्रीण येऊन गेली. हनुवटीला खूण असलेली. दोरा ओवून दिला, किती हसवलं मला. आपल्यातलीच वाटते गं."

"आई, मला होती ना तशी खूण?"

"तुला?" आई म्हणाली. "नाही बाई. तू कधी पडलीच नाहीस."

माझ्या खात्यावर आता एकच फोटो उरला होता. मी लहान, सायकलवर, आणि मागून सीट धरून पळणारे वडील. त्यात पालकांनी नाक मुरडावं असं काहीही नव्हतं. शहाण्या माणसानं तिथे हात आवरला असता. पण मी मुख्याध्यापकांच्या डोळ्यांनी दोन्ही खाती शेजारी ठेवून बघत होते. तिचं आता नाच-शिट्ट्यांनी भरलेलं, माझं जवळजवळ निर्मळ. जवळजवळ कशाला? सगळं तिला मिळालं ना, मग जागा तरी मला मिळू दे. मी तो फोटो काढून टाकला.

नंतर वडिलांचा चेहरा आठवायला गेले, तर डोळ्यांसमोर नुसती सायकलची सीट आली.

मुलाखतीत मुख्याध्यापक खूश होते. "त्या दुसऱ्या बाईंचं खातं म्हणजे जत्रा! त्यांना तासिकेवर ठेवू. तुमचं बघा, शोधून एक गोष्ट सापडत नाही. जागा तुमची." ते स्क्रीनकडे बघून बोलत होते. मी आभार मानून उठले तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.

पहिल्या दिवशी पाचवीचा वर्ग मिळाला. ओल्या खडूचा वास, गरगरणारा पंखा. मी फळ्यावर तारीख घातली आणि खाली माझं नाव लिहिलं.

"चला, गप्प बसा बरं."

गोंगाट चालूच राहिला.

मी टेबलावर डस्टर आपटलं. पांढरी धूळ उडाली. पुढच्या बाकावरची मुलगी शिंकली.

"अजून बाई आल्या नाहीत," ती शेजारणीला म्हणाली.

मॉनिटर मुलगी उठली, मला घासून दाराबाहेर गेली आणि पाटीला घेऊन आली.

"बाई आल्या!" सगळा वर्ग उभा राहिला.

पाटीनं फळ्याकडे बघितलं. बघतच राहिली.

"किती सुरेख अक्षर आहे," ती म्हणाली. "कुणाचं गं हे?"

मुलींनी फळ्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे.

"माहीत नाही, बाई."

तिनं माझ्या हातातून डस्टर घेतलं. तारीख तशीच ठेवली आणि खालचं नाव पुसलं.